भाऊबंदांचं दुखणं

मी जन्मतःच संशयी आहे, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो आणि स्वतःच हसतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. परीक्षेच्या वर्गात कोणाची मान जरा जास्त वळली हे मला पाठमोरी उभी असतानाही कळतं. दूधवाला, रिक्षाचं मीटर, सोसायटीचे सेक्रेटरी, जाहिरातीतले हसरे डॉक्टर, यांपैकी कोणालाच मी कधी सहजासहजी सोडलेलं नाही. फक्त एकदा सोडलं. शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा 'मूळव्याध असणार' असं मीच ठरवलं आणि स्वतःला विनाचौकशी मोकळं केलं.

मग ताक झालं, इसबगोल झालं, मलमं झाली. पोट कधी दोन-दोन दिवस गच्च, तर कधी तास सुरू असतानाच वर्ग सोडून पळायची वेळ. वजन उतरलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्या विचारायच्या, कुठलं डाएट करतेस, आणि मी, खोटं कशाला सांगू, मनातून सुखावायची. शेवटी शाळेचा जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पार तळाला गेलेलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मलमाचं नावही न काढता सरळ ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्यांनी कॅमेरा घालून मोठं आतडं बघायला सांगितलं. मला वाटलं, झालं, धंदा सुरू झाला. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि पहिल्यांचं नावही घेतलं नाही. तेही तेच म्हणाले. दोघांचं साटंलोटं असेल असंही एक रात्रभर वाटून गेलं. मग तपासणी झाली, गाठ दिसली, तुकडा काढून पाठवला आणि निदान आलं. आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं. आतला जोड भरून येईपर्यंत पोटावर एक छिद्र आणि त्यावर पिशवी आली. ती काही महिन्यांनी निघणार होती, पण ते महिने माझ्या स्वभावाला फार जड गेले. लिफ्टमध्ये कोणी नाक खाजवलं तरी मला वाटायचं, आला वास. भाजीवालीने जरा मान वळवली की मी दहा पावलं मागे. खरं तर कोणाला काही कळत नव्हतं.

गाठीच्या तपासणीत डॉक्टरांना काहीतरी वेगळं दिसलं होतं. त्यांनी विचारलं, "घरात कोणाला आतड्याचा आजार होता?"

"नाही."

"कोणी कमी वयात गेलं?"

"वडील. पण ते आजारानं नाही गेले."

"मग?"

मी शिकलेली बाई. तरी माझ्या तोंडून निघालं, "त्यांना जेवणातून काहीतरी घातलं होतं. सख्ख्या भावानं."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "त्यांना नेमकं काय होत होतं, ते सांगा."

काय होत होतं ते मला लख्ख आठवत होतं. आमचं गाव माजिवड्याच्या बाजूला. तिथे आता हायवे आणि टॉवर यांच्यामध्ये थोडं गाव उरलंय. तेव्हा भातशेती होती आणि खाडीकडे मिठागराचा तुकडा होता. बाबा आणि काका यांच्यात वाटणीवरून धुसफुस सुरू होती. त्यातच काकांच्या घरी हळद झाली, आमच्या आगरी घरांत होते तशी, अख्ख्या गावाला जेवण. बाबा जेवून आले आणि त्यानंतर त्यांनी पोट धरलं ते धरलंच. मी अकरा वर्षांची होते. धिप्पाड माणूस हळूहळू वाळत गेला. रक्त पडायचं, पोट फुगायचं, अन्न नको व्हायचं. आई एका भगताकडे गेली. त्याने सांगितलं, ज्याचं दार उगवतीला आहे त्या घरातून आलंय. अर्ध्या गावाची दारं उगवतीला होती, पण आईला एकच दिसलं. बाबा गेले. त्या दिवसापासून दोन्ही घरांनी एकमेकांचं पाणी तोडलं. मधे भिंत आली. पुढे मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, आई माझ्याकडे आली, आणि भिंत तिथेच राहिली.

हे सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या आई कशानं गेल्या?"

"गर्भाशयाच्या दुखण्यानं," मी म्हटलं, आणि त्यांनी पेन परत उचललं. संशय काय असतो ते मला कळतं. हा खरा होता.

माझ्या रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. हा दोष घराण्यातून येतो, त्यातून आतड्याचा तसाच गर्भाशयाचाही कॅन्सर होतो, त्यांनी समजावलं. आई-वडिलांपैकी एकाकडे असला तर प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. आतड्यात आधी मांसाचे छोटे कोंब येतात, त्यांचाच पुढे कॅन्सर होऊ शकतो. असा दोष असला की ते फार लवकर बिघडतात. पण नेमाने आत बघत राहिलं तर कोंब असतानाच काढता येतात. माझ्या मुलीची तपासणी लगेच ठरली. मग त्यांनी विचारलं, "काकांकडचं कोणी आहे?"

काकाही बारा-तेरा वर्षांपूर्वी गेले होते. कशानं, ते आम्हाला माहीत नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. त्यांचा मुलगा, माझा चुलत दादा, पन्नाशीचा. त्याला सांगणं भाग होतं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती देवापुढे वाती वळत होती. "आजार होता तर मग त्या जेवणानंतरच कसा सुरू झाला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आधीपासून असणार, त्या दिवशी जास्त खाल्लं असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्या डॉक्टरला पण त्यांनी फितवलाय." मी दादाकडे जायला निघाले तेव्हा दारात येऊन तिने बजावलं, "तिथं पाण्याचा थेंब घेऊ नको." हा माझा स्वभाव कुठून आला, ते काही शोधायला नको.

दादाचा आता तीन मजली बंगला आहे. काकीने दार उघडलं. इतक्या वर्षांनी मला बघून ती दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली. पाणी आणून ठेवलं. मी पेल्याला हात लावला नाही. मुद्दाम नव्हे, हात जाईचना.

"आईनं सांगितलं असंल, पिऊ नको," काकी म्हणाली.

मी विषयाला हात घातला. आजार सांगितला, बाबांचं सांगितलं, घराण्यातला दोष सांगितला. म्हटलं, दादा, तू एकदा आतडं तपासून घे आणि एक रक्ताची तपासणी कर. जनुकांची असते.

दादा सोफ्यावर पुढे सरकला. "म्हंजे डीएनए?"

"हो, तसंच."

तो काकीकडे बघून हसला. ते हसू मी ओळखते. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी पकडल्यावर माझ्याही तोंडावर तेच येतं. "बघ आये, मी बोललेलो ना? हायवेच्या बाजूचा तुकडा बिल्डरला द्यायचा ठरला आनि बाय बरोबर आयली. सातबाऱ्यावर हिचंबी नाव हाय. आता हिला माजं रगत पायजे. कोर्टात वारस लावाला."

जमीन माझ्या डोक्यातही नव्हती. पण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

"आनि तुज्या काकाचं काय?" काकी एकदम म्हणाली. "असाच वाळला तो. असंच रगत. आमी आंबिवलीच्या भगताला इचारलं. तो बोलला, भिंतीपलीकडच्या बाईनं केलंय. तुज्या आईनं."

म्हणजे इकडे आम्ही त्यांच्यावर आणि तिकडे ते आमच्यावर, एकाच दुखण्याचा आळ घालून बसलो होतो. दोन घरांत दोन माणसं सारखीच मेली आणि मधल्या भिंतीमुळे ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. हे त्यांना शांतपणे समजावून सांगायला हवं होतं. पण माझा पारा चढला होता. मी उठले, कुर्ता वर केला आणि पोटावरची पिशवी दोघांना दाखवली.

"हे बघ दादा. वाडवडिलांचं मला मिळालं ते हे. यात तुझा हिस्सा आहे का, तेवढंच बघून घे म्हणतेय. जमीन खड्ड्यात गेली."

दादाने तोंड फिरवलं. शिक्षिका बाई, त्याची बहीण, असं काही करील हे त्याने स्वप्नातही पाहिलं नसेल. मीही नव्हतं पाहिलं. काकी मात्र जवळ आली, वाकून बघितलं आणि विचारलं, "दुखतंय का गं?" मला रडूच फुटलं.

दादा फाटकापर्यंत सोडायला आला. रिक्षा येईपर्यंत इकडेतिकडे बघत राहिला. मग रस्त्याकडे तोंड करून म्हणाला, "तुला रगत कसं पडाचं? लाल का काळं?"

"दादा, कधीपासून पडतंय?"

"मला कुठं काय? सहज इचारलं." आणि तो आत निघून गेला.

पुढचे दिवस मी फार वाईट काढले. फोन केला तर त्याला वाटणार, जमिनीसाठी मागे लागलीय. नाही केला तर हा भगताच्या अंगाऱ्यावर बसून राहणार. माझी केमो सुरू झाली होती. गार पाण्याला हात लागला की बोटांत सुया टोचायच्या, आणि त्या हातांनी मी फोन उचलून परत ठेवायची. मुलीची तपासणी झाली, ती स्वच्छ निघाली. रक्तातही दोष आला नाही. त्या आनंदातही माझं लक्ष फोनकडेच होतं. इतकी धास्ती मला माझ्या ऑपरेशनच्या वेळी वाटली नव्हती. मला तो माणूस जगायला हवा होता. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बाय, ते पावडरचं पानी एकदम प्यायचं का थोडं थोडं?"

पोट साफ करायचं औषध. म्हणजे तपासणी उद्या होती. "थोडं थोडं," मी म्हटलं. "आणि संडासापासून लांब बसू नको."

"ते समजलंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याला माझ्याच डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या बाकावर काकी बसली होती. मी शेजारी बसले. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं की बरेच कोंब होते, ते काढलेत. एक मोठा होता, रक्त त्यातूनच येत होतं, तोही पूर्ण निघालाय. तपासायला पाठवू, पण वेळेत आलात असं दिसतंय. यापुढे दर वर्षी यायचं, चुकवायचं नाही.

डॉक्टर गेल्यावर काकी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "असंच काढता आलं असतं का गं? तुज्या काकाच्या वक्ताला हे मशीन नव्हतं ना?"

होतं. बारा वर्षांपूर्वी इथेच, ठाण्यातच होतं. पण काकांना आंबिवलीला नेलं गेलं, कारण माझ्या आईवर संशय होता. दोन्ही घरं बोलत असती तर माझी आईच म्हणाली असती, आमच्याही माणसाला असंच झालं होतं, वेळेवर दाखवा.

"नव्हतं, काकी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मी परीक्षेत पोरांकडे बघते तसं.

"खोटं बोलतंस तू," ती म्हणाली. मग तिने माझा हात धरला. "परत एकदा बोल. नव्हतं म्हनून."

मी परत एकदा म्हटलं.