काचेच्या केबिनमधली परीक्षा

मी चौथी शिकलेला माणूस. पण सातपूरच्या आमच्या कारखान्यात सगळ्यात मोठ्या प्रेसवर वीस वर्षं मीच उभा होतो. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा तर साहेबसुद्धा आधी मला विचारायचे. पत्रा सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, धाडकन डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली. दिवसभर हेच.

त्या आवाजात तोंडाचा उपयोग नसतो. आम्ही हातांनी बोलायचो. माझा जोडीदार मालेगावचा, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला. निम्म्या खुणा त्यानंच शिकवल्या. थांब, चहा आला, साहेब आले, बायको भांडली. ही शेवटची खूण तो रोज करायचा.

ऐकू कमी येतंय हे घरी आधी कळलं. बायको सायखेड्याची, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारी. तीच एक दिवस समोर येऊन म्हणाली, "अहो, मी भिंतीशी बोलते का तुमच्याशी?" मी म्हटलं, तू हल्ली हळू बोलतेस. कारखान्यानं कानात घालायला बोळे दिले होते, ते माझ्या खिशात असायचे. बोळे घातले की मशीनचा बदललेला आवाज कळत नाही, असं माझं म्हणणं. अजूनही आहे.

मग कान तपासायची गाडी आली. नापास होईल तो प्रेसवरून उतरेल, असं साहेबांनी आधीच सांगितलं.  जोडीदार म्हणाला, "दादा, घाबरू नको. मी शे ना." शे म्हणजे आहे, त्याच्या मालेगावकडं.

गाडीत काचेची लहान केबिन होती. आत बसून कानावर हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारी मुलगी बाहेर, तिचा हात आतून दिसत नव्हता. पण तिच्यामागं रांगेत उभ्या असलेल्या माझ्या जोडीदाराला दिसत होता. ठरलं असं की तिनं आवाज सोडला की त्यानं कानाला हात लावायचा.

पहिले दहा-बारा आवाज मी बरोबर ओळखले. मुलीनं मान डोलावली. मी ताठ बसलो.

माल धुवायच्या थिनरमध्ये हात घालून आमची सगळ्यांचीच कातडी फुटलेली असायची. जोडीदाराचा हात कानाला लागला आणि तिथं खाज सुटली. तो खाजवत राहिला, मी त्याच्याकडंच बघत बटण दाबत राहिलो. दार उघडून मुलगी ओठ मला दिसतील असं सावकाश बोलली, "काका, मी मशीन बंद करून पाणी प्यायला उठले होते. तुम्ही काय ऐकत होतात?"

रांग हसत होती. तेही मला नुसतं दिसलं.

गाडीतल्या डॉक्टरांनी जवळ बसवलं. माल कशानं धुता, विचारलं. मी म्हटलं, थिनरनं, बादली प्रेसच्या शेजारीच असते. ते म्हणाले, "मग एकट्या आवाजाचं काम नाही हे. थिनरही कान खातं."

"वास नाकात जातो साहेब. कानाचा काय संबंध?"

"नाकातून रक्तात जातो. रक्त कानापर्यंत जात नाही का?"

  "गेलं ते येणार नाही," ते म्हणाले. "उरलंय ते ठेवायचं का, तुम्ही सांगा."

दोन दिवस मी प्रेसवरून उतरलो नाही. नापास झालेल्यांनी बसायचं ते माल तपासायचं टेबल लांबच्या शांत शेडमध्ये होतं, आणि ते मला म्हाताऱ्यांचं काम वाटायचं. तिसऱ्या दिवशी जोडीदार डबा उचलून तिकडं निघाला. तोही नापास झाला होता. म्हणाला, "नात बोलायला लागली शे. मला तिचं ऐकायचंय." दोन्ही हातांनी बाहुलीएवढं अंतर दाखवलं, केवढी झाली ते.

मी त्याला तुझं बरोबर आहे असं म्हटलं नाही. साहेबांकडं गेलो आणि अट घातली: थिनरची बादली प्रेसपासून हलवायची, दाराबाहेर, झाकण लावून. मग जागा सोडतो. साहेबांनी माझ्यादेखतच बादली हलवायला लावली.

टेबलावर काम अंगठ्याचं. पत्र्याची कड चाचपायची, धार राहिली असेल तर माल परत. माझ्या अंगठ्यातून काही सुटत नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी माझ्याच जुन्या प्रेसचा अख्खा ट्रे परत पाठवला. त्या प्रेसवरचा नवा गडी तावातावानं आला, बराच वेळ बोलला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. धारेवर त्याचा अंगठा धरला, आणि तो ट्रे घेऊन गेला.