अकोल्याहून आणलेलं कपाट

मी लाकूडकामाकडे वळले ते एका तुटलेल्या पाटामुळे. सरकारी कचेरीत कारकून म्हणून माझी मंगरूळपीरला बदली झाली, तेव्हा भाड्याच्या घरासमोर एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान होतं. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. पाट दुरुस्तीला दिला आणि मी तिथंच उभी राहून बघत राहिले. पुढच्या रविवारी काही काम नसताना गेले. त्याच्या पुढच्या रविवारी चाचांनी रंधा माझ्या हातात दिला.

"नुसतं पाहून काय होते बेटी? चालवून पाह्य."

तेव्हापासून माझ्या घरामागची पत्र्याची शेड भुशानं भरलेली असते. स्टूल केले, देव्हारा केला, एक टेबल केलं ते वर्षभर डुगडुगलं. चाचांच्या दुकानात आता सगळं प्लायवूडचं काम चालतं, पण मला त्यांनी जुन्या पद्धतीनं शिकवलं. खिळा न मारता लाकडात लाकूड बसवायचं.

माझी धाकटी बहीण अनसिंगला दिली आहे. आई लवकर गेली. बहिणीच्या वेण्या मी घातल्या, तिच्या शाळेत पालक म्हणून मी गेले. तिच्या सासरी नवं घर बांधायला काढलं तेव्हा ती मुद्दाम माझ्याकडे आली.

"ताई, सैपाकघरात तुयाच हातचं कपाट पाहिजे मले. दुसऱ्याचं नाई."

ती ठेंगणी आहे. तिला भिंतीला टेकून उभं केलं, हात वर करायला लावला आणि बोटं पोचली तिथं पेन्सिलनं खूण केली. त्या मापानं वरचा कप्पा ठरवला. पाडलेल्या घराच्या जुन्या सागवानी चौकटी आरा मशीनवर चिरून आणल्या. सगळा उन्हाळा शनिवार-रविवार त्यात गेला. खाली तीन ड्रॉवर, वर काचेची दोन दारं. एका दाराची चौकट तिरकी झाली ती मी मोडून पुन्हा केली. चाचांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता मले काई शिकवाचं राह्यलं नाई."

वास्तुशांतीच्या दिवशी मी बुंदीचं ताट घेऊन वाढत होते. सैपाकघरात बायकांची गर्दी होती. कुणीतरी कपाटाचं दार उघडून पाहिलं.

"काय सुंदर हाय वो! कोठून आणलं?"

मी हसत बहिणीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"अकोल्याहून," ती म्हणाली. "रेडीमेड भेटलं."

"तुया उंचीचंच भेटलं बरं!"

"हो ना. नशीब."

मी बुंदी वाढत राहिले. पंगत उठल्यावर तिला मागच्या अंगणात गाठलं.

"काहून असं सांगतलं तू?"

"हळू बोल ना ताई." तिनं दाराकडे पाहिलं. "सासूले सांगतलं हाय मी, बहीण हापिसात मोठ्या नोकरीवर हाय म्हणून. आता काय सांगू, माई बहीण घरी करवत चालवते? तुये हात पाह्य ना, कसे झाले. गड्यासारखे."

माझ्या हातांवर तेव्हाही पॉलिशचा रंग होता. मी ते पदराखाली घेतले. त्याची मला अजून लाज वाटते, तिच्या बोलण्यापेक्षा जास्त. जेवण न करताच परतीसाठी वाशीमची बस धरली.

श्रावणात तिचा फोन आला. ओलीनं मधला ड्रॉवर फुगून बसला होता. "तुया त्या मिस्त्रीले पाठव ना," ती म्हणाली. मला बोलावलं नाही. मी चाचांना सांगितलं आणि ते बिचारे दोन बस बदलून गेले. संध्याकाळी परत आले ते थेट माझ्या दारात.

"हात नाई लावला मी," ते म्हणाले. "ज्यानं बनवलं त्यानंच खोलाव, हा कायदा हाय आमचा. तिची सासू म्हणे, मग अकोल्याच्या दुकानवाल्याले बोलवा. मी म्हटलं, माँजी, कायचं अकोला? हे तर तुमच्या सुनेच्या बहिणीचं काम हाय."

त्याच आठवड्यात सासूबाईंनी स्वतः फोन केला. मी रजा टाकून गेले. पिशवीत रंधा आणि पटाशी होती. बहिणीनं चहा ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून ती तिथंच ओट्याशी उभी राहिली. मी ड्रॉवर काढला, बाजू तासली, मेण घासलं. अर्ध्या तासाचं काम. सासूबाई जवळ स्टूल ओढून सगळा वेळ पाहत होत्या. ड्रॉवर सरसर आत गेला तसा त्यांनी दोनदा उघडला, दोनदा लावला. मग सुनेला म्हणाल्या, "हे सांगाले काय झालतं तुले? आमी काय खाऊन टाकलं असतं?"

तिनं चहा गाळायला घेतला.

सासूबाईंचं ते बोलणं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुणाला काही वाटणार नव्हतं, तरी तिनं मला लपवलं होतं.

नको म्हटलं तरी ती स्टँडपर्यंत आली. बसची वाट पाहताना म्हणाली, "अजून राग हाय का तुले?"

"हाय," मी म्हटलं.

मी नाही म्हणेन असं तिला वाटलं असावं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, लहानपणी करायची तसं. बस आली, मी चढले.

फोनवर आम्ही बोलतो. तिच्या पोरांच्या परीक्षा, भाजीचा भाव, कुणाचं लग्न ठरलं. शेडमध्ये सध्या काय चाललंय हे ती विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.