तांड्यातल्या विहिरीची सातवी पायरी

विहिरीत बाई दिसली, पिंपळावर कोणी बसलं... अशा बातम्या गावोगावहून यायच्या आणि मी त्या टोपलीत टाकायचो. मी दारव्ह्याला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. जे मोजता येत नाही ते छापायचं नाही, हा माझा नियम. पुढचं मी स्वतः मोजलं आहे, म्हणूनच लिहितो.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं. दारव्ह्यापासून तीन कोसांवरच्या बंजारा तांड्यातला मोहन समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात पोलीस शिपाई होता. त्याच्या नोकरीचा अर्ज मीच भरला होता. त्यात एक रकाना होता – पोहता येते काय? मी त्याच्या वडिलांना, हरजीकाकांना विचारलं.

"येते ना! इहिरीत असा तरंगते का पाहतच राहा."

"भोपळा बांधून, बापू," मोहन हसत म्हणाला.

"तं काय झालं? बाबूजी, भोपळ्याचा रकाना हाये का त्याच्यात?"

सगळे हसले. वाळका भोपळा पाठीला बांधून तरंगणं, यालाच तांड्यात पोहणं म्हणत. मी 'होय' लिहिलं.

त्या 'होय'वरून तीन वर्षांनी त्याची बदली समुद्रातल्या गस्तीच्या लाँचवर झाली. तिथलं पोलीस दल दोन भागांत होतं. जमिनीवरची ठाणी एका अधिकाऱ्याकडे, बंदर आणि लाँच दुसऱ्याकडे. पाणी जिथवर चढेल तिथवर लाँचवाल्यांची हद्द, त्याच्या वर ठाण्याची. मोहनला सकाळी ठाण्यातून मोकळं केलं. लाँचवर तो हजर झालाच नाही. धक्क्याच्या एका पायरीवर त्याची टोपी सापडली. ती पायरी ओहोटीला कोरडी असते, भरतीला बुडते. टोपी किती वाजता सापडली, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून तपास कोणाचा हे ठरेना.

काकांच्या वतीने मी चार पत्रं पाठवली. ठाण्याचं उत्तर – आम्ही सोडला. लाँचवाल्यांचं उत्तर – आमच्याकडे आला नाही.

"मले एवढंच इचारून द्या बाबूजी," काका म्हणाले, "त्याचे दिवस करू का वाट पाहू? त्याची याडी रोज दोन भाकरी जास्तीच्या थापून राह्यली." याडी म्हणजे आई.

वैशाखात एका सकाळी ते पायी आले. "इहिरीचं पानी खारं झालं. ढोरं तोंड लावत नाहीत."

मी गेलो. पाणी चाखलं. समुद्राचं पाणी मी पूर्वी एकदा चाखलं होतं... तेच. विहिरीला पायऱ्या होत्या. पाणी वरून सातव्या पायरीपर्यंत चढायचं, सहा तासांत दहावीपर्यंत उतरायचं. मी कोळशाने रेघा ओढल्या, घड्याळ समोर ठेवलं. चार दिवस मोजलं. पाणी चढण्याची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकत होती. त्या शहराचं वर्तमानपत्र दारव्ह्याला उशिरा यायचं. त्यात भरतीच्या वेळा असत. ताडून पाहिल्या. पाच मिनिटांचाही फरक नव्हता. समुद्र तिथून शेकडो मैल.

चौथ्या दिवशी काकांनी वाळका भोपळा दोरीला बांधून पाण्यात सोडला.

"कायले, काका?"

"आला तं धरायले काही पाहिजे ना."

भोपळा पाण्याबरोबर वर आला, खाली गेला. रिकामा.

पाचव्या दिवशी पत्र आलं. शिपायाचं नाव फरारी म्हणून पटावरून कमी केलं होतं. मी ते विहिरीवरच वाचून दाखवलं.

"फरार?" काका उभे राहिले. "मंग जित्ता हाये?"

मी पत्राची घडी घातली. मोहनची याडी सातव्या पायरीवर उतरली. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

"गोड झालं," ती म्हणाली.

मी चाखलं. गोड होतं. पाणी उतरू लागलं ते पुन्हा चढलं नाही. पायरीवर मिठाची पांढरी रेघ राहिली. त्या दिवशी तिने दोन भाकरी कमी थापल्या.

खारं असताना बाटलीत भरून ठेवलेलं पाणी मी डॉक्टरांना दाखवलं. साधं विहिरीचं पाणी, ते म्हणाले. मोजलेले आकडे वहीत आहेत. त्यांचा अर्थ मला आजही लावता आलेला नाही. बातमी मी दिली नाही.

चारही पत्रांत मी भोपळ्याचा उल्लेख केला नव्हता. खोटा अर्ज भरल्याचं माझ्यावर येईल, अशी भीती होती. पोरगा पोहणारा आहे, बुडणार नाही, असंच दोन्हीकडचे समजत राहिले. अर्जाची नक्कल माझ्या टेबलाच्या खणात आहे. 'होय' माझ्या अक्षरात आहे.