कानबाईच्या पाटाला परका हात

आईचा आजार हाडांत आणि यकृतात पसरलाय, हे डॉक्टर मला आणि पप्पांना सांगत होते, तेव्हा आई बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईला भरताची वांगी कशी निवडायची ते समजावत होती. छातीतली गाठ काढून वर्षच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता हा मुळासकट जाणार नाही. सलाईनमधून औषध दिलं तर काही काळ मागे रेटता येईल, पण त्रास होईल. नाहीतर नुसत्या वेदना कमी करत राहायचं. घरी बोला आणि ठरवा. रिक्षात बसायच्या आधी पप्पा मला एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला काही कळू द्यायचं नाही."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरातली अहिराणी कळायची, पण बोलताना जीभ अडखळायची. देवापुढेही माझं तसंच व्हायचं. शाळेतल्या प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण देव्हाऱ्यापुढे हात जोडले की काय मागावं ते सुचायचं नाही. त्या दिवसांत आई घरातच होती, तरी मला तिची आठवण यायची. ती समोर बसून लसूण सोलायची आणि मी तिच्याशी शाळेतल्या मुलींबद्दल काहीतरी बोलत राहायचे. खरं ते आमच्या दोघींच्या मध्ये पडून होतं.

पप्पांना सलाईन हवं होतं. काका म्हणत होते, वहिनीला गावी न्या, सुखाने राहू दे. दोघांचे आवाज चढायचे आणि आई आत आली की दोघेही पावसाबद्दल बोलू लागायचे.

अशातच श्रावणात आमच्या खानदेशी देवीचा, कानबाईचा, सण आला. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत खानदेशी घरं पुष्कळ. नारळाला नथ आणि डोळे लावून कानबाई पाटावर बसवली, आरत्या झाल्या, रोटांचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाला निघताना आई उठून उभी राहिली. "औंदा कानबाई मीच लई जासू," ती म्हणाली. पप्पा नको म्हणाले, पण तिने ऐकलं नाही. तापी खानदेशातूनच वाहत येते, म्हणून सुरतेत आईला तेवढंच पाणी माहेरचं वाटायचं.

तापीच्या घाटाच्या उतारावर तिचा तोल जाऊ लागला. डोक्यावरचा पाट कलला. मी मागेच होते, पण मला वेळेत पुढे होता आलं नाही. इतक्यात बायकांच्या गर्दीतून एक हात पुढे आला आणि त्याने पाट धरला. "सोडू नको माय, मी धरेल शे." एक वाळलेली, सावळी बाई होती. दोघी मिळून पाण्यापर्यंत गेल्या. कानबाईला निरोप देऊन वर येताना वाऱ्याने त्या बाईचा पदर घसरला. डोक्यावर एकही केस नव्हता.

पायरीवर टेकल्यावर आईने विचारलं, "दवाई?"

"हां. आंगमा बठ्ठीकडे पसरेल शे. केस गयात, जीभ नही गई," असं म्हणून ती बाई हसली.

आईने ओला पदर पिळला. मग म्हणाली, "मनंबी पसरेल शे." आणि माझ्याकडे बघून, "हाई पोर इंग्लिशमा रडस. तिले वाटस, माले समजत नही."

त्या दोघी हसल्या. मला हसूही येईना आणि रडूही. मग त्या बाईने आईचा हात हातात घेऊन विचारलं, "मंग तू काय म्हनस?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. आई पाण्याकडे बघत म्हणाली, "दवाई लिसू. पोरनी भाकर अजून गोल होत नही. पन दवाईनी माले खाटलावर पाडं, तर बंद."

मी तिथेच आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. वर बघितलं तेव्हा ती बाई गर्दीत निघून गेली होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे दवाखान्याच्या प्रत्येक रांगेत मी तिला शोधलं, पण ती दिसली नाही. काकू म्हणतात, ती कानबाईच होती. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही.

आईचं म्हणणं मी स्वतः डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दोन-तीन सलाईन देऊन बघू, मग तिलाच विचारू, असं ठरलं. तिचे केस गेले, पण कंबरेची कळ कमी झाली. हिवाळाभर ती ओट्यावर उन्हात बसली, माझ्या भाकरीला नावं ठेवली आणि मनातलं सगळं बोलली. मग एक दिवस ती "बस" म्हणाली. पप्पांनी वाद घातला नाही. होळीच्या आधी ती शांतपणे गेली.

शरण जाणं म्हणजे तोंड मिटून सोसणं, असं मला वाटायचं. आई आपलं म्हणणं सांगून मोकळी झाली आणि मगच तिने सगळं देवीवर सोपवलं. तेवढे महिने ती मला पुन्हा भेटली, हे मला मागता आलं असतं त्यापेक्षा जास्त होतं. तिची ओढ अजून तशीच आहे. ती कमी कर, असं मात्र मी देवीला म्हणत नाही.