मुश्ताकभाई समोर उभे राहतात

घुग्घुसमध्ये ट्रकचे ब्रेक करणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. पण काम झाल्यावर त्याच ट्रकसमोर जाऊन उभा राहणारा एकच, मुश्ताकभाई. भरलेला ट्रक उतारावर न्यायला सांगतात, खाली दहा पावलांवर उभे राहतात आणि ड्रायव्हरला हात करतात, येऊ दे. ज्यानं ब्रेक बांधला त्यानं समोर उभं राहायचं, नाहीतर हातच लावायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. कानही तसाच. चौकातून ट्रक गेला की कोणत्या चाकाला ब्रेक घासतोय हे चहाचा घोट घेता घेता सांगतात. आमची जीप त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबलेली मी पाहिली आहे. तेव्हा ते तंबाखू मळत होते. मला त्यांचा संताप आला होता, आणि पुढे आठवडाभर ती वीत डोळ्यांसमोरून हलली नाही.

अशा माणसाला माझ्या वडिलांनी विमानाचे ब्रेक लावायला बोलावलं.

विमान आमच्याच शेतातल्या सोयाबीनच्या शेडमध्ये तयार होत होतं, अकरा वर्षं. बाबा, म्हणजे गुणवंतराव, कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. आमच्या बाबांनी परदेशातून नकाशे मागवले आणि ॲल्युमिनियमचे पत्रे कापायला बसले. दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढंसं ते विमान. गाव त्याला गुणवंतरावांचं पाखरू म्हणायचं. मी सवत म्हणायचे, आईच्या वतीनं. आई स्वतः काही बोलत नसे, दोन वेळा शेडवर चहा पाठवायची.

त्या जानेवारीत एका बंद पडलेल्या कारखान्याची जुनी धावपट्टी बाबांना एका सकाळपुरती मिळाली. परवानगीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की विमान फक्त जमिनीवर पळवायचं, उडवायचं नाही. उडवण्याचा कागद वेगळा, आणि त्याचा अजून पत्ता नव्हता. पट्टीच्या टोकाला खोल नाला होता. ब्रेक लागले नाहीत तर अकरा वर्षं त्या नाल्यात जाणार होती. बाबा एकाहत्तरचे. दुसरं विमान बांधण्याइतकं आयुष्य हाताशी नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

मुश्ताकभाई आले आणि त्यांनी चपला शेडच्या बाहेर काढल्या. गॅरेजवाला माणूस, पण आत शिरताना हातसुद्धा धुतले. विमानाच्या चाकातली ब्रेकची थाळी आमच्या नाश्त्याच्या बशीएवढी, तिला धरणारे तुकडे बिस्किटाएवढे. ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. आपल्या ब्रेकच्या तेलाचा डबा त्यांनी सोबत आणला होता. बाबांनी सांगितलं की या ब्रेकला वेगळं लाल तेल लागतं, ट्रकच्या तेलानं आतलं रबर नासेल. त्यांनी आपला डबा बाहेर नेऊन ठेवला.

जोडणी दोन दिवसांत झाली. डाव्या चाकाचा ब्रेक डाव्या पायाखाली, उजव्याचा उजव्या. मग पाइपात तेल भरून आतली हवा काढायची. हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पाय दाबल्यावर बुडबुडाच दबतो, चाक फिरतंच राहतं. ट्रकला करतात तसंच त्यांनी केलं. वर बसून बाबांनी पेडल दाबायचं, खाली चाकापाशी मुश्ताकभाईंनी स्क्रू ढिला करून हवा सोडायची. उजवा जमला. डावं पेडल मात्र उकडलेल्या बटाट्यासारखं दबत राहिलं. तिसरा दिवस त्यातच गेला, निम्मं लाल तेल संपलं. ट्रकवाल्याला विमान दिलं की आणखी काय होणार, असं मी मनात म्हटलं. आज लिहिताना लाज वाटते.

चौथ्या दिवशी त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि उकिडवे बसून नुसते पाइपाकडे पाहू लागले. पाइप आरपार दिसणारा होता. वर जाऊन एका वाकणावरून तो चाकाकडे उतरत होता, आणि त्या वाकणाशी मुगाच्या दाण्याएवढा बुडबुडा होता. पेडल दाबलं की चार बोटं खाली यायचा, सोडलं की पुन्हा आपल्या जागी.

"भाऊ," मुश्ताकभाई म्हणाले, "हवेले वर जाचं हाये. आपून तिले तीन दिवसांपासून खाली ढकलून राह्यलो."

गुरांच्या दवाखान्यातून त्यांनी मोठी कोरी सिरिंज आणली. चाकापाशी स्क्रूला नळी लावली आणि तेल खालून वर दाबायला लागले, अगदी सावकाश, श्वास धरून. बुडबुडा हलला, वाकण ओलांडून पेडलवरच्या तेलाच्या इवल्या कपात आला आणि फुटला. त्यानंतर डावं पेडल दगडासारखं टणक लागलं. मी गणित शिकवते, मला काही चमत्कार वगैरे दिसत नाहीत. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला.

धावपट्टीवर खरी पंचाईत झाली. मुश्ताकभाईंना समोर उभं राहायचं होतं आणि समोर पंखा होता. ते विमानाभोवती दोनदा फिरले. बाबा म्हणाले की राहू द्या, माझा तुमच्यावर विश्वास आहे.

"तुमचा हाये, भाऊ. मले माझा पाहाचा हाये," ते म्हणाले. "मी बाजूले बसतो."

चपला हातात घेऊन ते आत बसले. जन्मात कधी विमानात न बसलेला माणूस. आधी दोनदा पट्टीच्या अलीकडच्या टोकाशीच हळू गेले आणि थांबले. शेवटची धाव पूर्ण वेगाची होती. मागे इतकी धूळ उठली की मला काही दिसेना. नाल्याच्या बाजूला इंजिनचा आवाज उतरला, मग बंद झाला. मी धावत सुटले.

विमान नाल्याच्या अलीकडे साठ पावलांवर उभं होतं. बाबांचे हात अजून दांडीवरच होते, नजर नाल्यावर. मुश्ताकभाईंनी डोळे मिटले होते, ते उघडून म्हणाले, "बिरेक चांगला लागला. पण मधात अर्ध्या दमाएवढा टाइम चाकं बोलतच नव्हती."

बाबांनी विचारलं, "म्हंजे? बंद पडली होती?"

"बंद नाई, भाऊ. त्याइच्या खाली जमीनच नव्हती."

बाबांना कळलंच नव्हतं. ते सगळा वेळ नाला पाहत होते.

आम्ही तिघं पट्टीवरून परत चालत गेलो. जुन्या धुळीत तीन चाकांच्या तीन रेषा सरळ आल्या होत्या. एका जागी तिन्ही संपल्या आणि पुढे पुन्हा सुरू झाल्या. मधलं अंतर मी मोजलं, तेवीस पावलं. बाबा त्या कोऱ्या धुळीकडे बघत उभे राहिले आणि रडले, अकरा वर्षांत पहिल्यांदा. कागदावर उडायचं नाही असं लिहिलं होतं, हे मी मुद्दाम बोलले नाही.

मुश्ताकभाई त्या जागेत शिरले नाहीत. चपला हातात धरून ते कडेकडेनं, अनवाणीच चालत गेले.