टोरीच्या तेलात मुरवलेली नळी

आमची नाव मुळात शिडाची. गोदावरीतून वर येत येत ती कधीतरी प्राणहितेत आली आणि आमच्या घाटावरच राहिली. वारा असला की शीड, नसला की इंजिन. इंजिन सासऱ्यांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या लाँचवरून काढून आणलेलं. मी लग्न होऊन ब्रह्मपुरीकडून इकडे सिरोंच्याला आले तेव्हाही ते खोकतच होतं.

सासरे गेल्यावर नाव दोन्ही भावांकडे आली. सुकाणू माझ्या नवऱ्याकडे, इंजिन माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाकडे. माणसं बसवणं, दोर सांभाळणं आणि नावेच्या तळातलं पाणी उपसणं माझ्याकडे. पाणी मीच उपसत असल्यामुळे त्यावरचे तेलाचे रंगही मलाच आधी दिसले.

इंजिनातलं तापलेलं तेल एका रबरी नळीने बाहेर पडून शेजारच्या लोखंडी डब्यात जायचं. त्या डब्याभोवती नदीचं पाणी खेळवलेलं होतं. थंड झालेलं तेल दुसऱ्या नळीने इंजिनात परत यायचं. या दोन्ही नळ्या जुन्या झाल्या होत्या. त्यांना भेगा पडल्या होत्या आणि तेल ठिबकत होतं. हे मी भासऱ्यांना सांगायला हवं होतं, आणि तिथेच सगळं अडत होतं.

आमच्यात धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. ते समोर आले की पदर पुढे ओढायचा आणि बाजूला व्हायचं. एखादी वस्तू त्यांच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि त्यांनी उचलायची. घरात हे जमतं. वीस हात लांबीच्या नावेत जमत नाही, पण आम्ही जमवत होतो.

"भाऊजीले सांगा, खालचा पाइप गळून राह्यला," मी नवऱ्याला म्हणायची.

"भाऊ, ते म्हनते, खालचा पाइप गळून राह्यला."

"सांग तिले, मले दिसते," भासरे इंजिनावरून मान न उचलता म्हणायचे.

तिघंही दोन हातांच्या अंतरात. नवरा सुकाणूवर असला तर निरोप पोचवायला मधे तोही नाही. मग मी इंजिनाशीच बोलायची, "ए इंजिना, तेल खाली चाललं ना तुयं." भासरे ऐकायचे आणि नळीला आणखी एक चिंधी गुंडाळायचे. त्या नळ्यांवर इतक्या चिंध्या झाल्या होत्या की रबर शोधावं लागे.

तेवढ्यात निरोप आला की नावा तपासणारे साहेब शुक्रवारी येणार. भरल्या नावेने इंजिनावर पलीकडच्या तेलुगू काठाला जायचं आणि न थांबता परत यायचं. जमलं तर परवाना, नाही तर घाट दुसऱ्याच्या हाती. आमची शेती नव्हती. घाट गेला असता तर जाळी घेऊन तळ्या-तळ्यांनी फिरण्याखेरीज हातात काही राहिलं नसतं.

नळी चांद्याहून मागवली. आलापल्लीपर्यंत मोटारीने आणि तिथून लाकडाच्या ट्रकने ती सोमवारी पोचली. सलग सहा हात. कापून दोन तुकडे करायचे, बसवायचे, क्लिपा आवळायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. भासरे ती आपल्या अंगणात घेऊन गेले.

मंगळवारी मी नवऱ्याला म्हटलं, "लावली का विचारा."

तो विचारून आला. "काम चालू हाये म्हनते."

बुधवारीही काम चालूच. मी म्हटलं, "कुठी चालू हाये? इंजिनावर तं त्याच चिंध्या हायेत."

"आता मी त्याले घडीघडी काय विचारू? मोठा भाऊ हाये तो."

गुरुवारी सकाळी मी स्वतःच त्यांच्या अंगणात गेले. गोठ्यामागे एक मडकं होतं, टोरीच्या तेलाने भरलेलं. टोरी म्हणजे मोहाची बी. आमच्याकडे मोटेचं नवं चामडं, वहाणा, जे काही कडक असेल ते या तेलात मुरवून मऊ करतात. त्या मडक्यात नळीची दोन्ही टोकं बुडवलेली होती आणि मधला भाग कमानीसारखा वर उभा होता. सोमवारपासून.

मी नळी उपसली. टोकं फुगली होती. नख दाबलं तर आत जात होतं आणि रबराखालचं सूत तेलाने काळं झालं होतं. एवढ्यात भासरे गोठ्यातून बाहेर आले. नवरा दिवसभरासाठी बाजाराला गेला होता. जवळ कोणी नव्हतं.

"भाऊजी, हे काऊन केलं?" मी विचारलं.

मी कोणाशी बोलते आहे ते बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं. मग मडक्याकडे बघून म्हणाले, "नवी चीज मुरवल्याबिगर लावत नाई कोनी. तडकते."

"हे चामडं नोहे जी. रबर हाये."

"आतून तेलच जाते ना त्याच्या? मंग बाहेरून काय जहर होते?"

नळीचा आतला थर तेवढा तेल सोसतो, बाहेरचा नाही आणि मधलं सूत तर मुळीच नाही, हे आलापल्लीच्या एका मिस्तरीने मला पुढे सांगितलं. त्या सकाळी मला फक्त टोकं दिसत होती. मला इतका संताप आला होता की तो कोणामार्फत पाठवण्यासारखा नव्हता.

विळा घेऊन मी टोक कापलं. सूत काळंच. आणखी चार बोटं कापलं, तरी काळं. पांढरं, कोरडं सूत दिसेपर्यंत दोन्हीकडून जवळजवळ हात-हातभर गेलं. उरलेल्याचे दोन तुकडे केले आणि नावेवर जाऊन लावून पाहिले. दोन्ही चार बोटं तोकडे. चांद्याहून दुसरी नळी येईपर्यंत शुक्रवार कधीच गेला असता.

भासरे माझ्यामागोमाग नावेवर आले होते. बराच वेळ त्यांनी डबा निरखला.

"डबा सरकवला तं?" ते म्हणाले. हे त्यांनी मला विचारलं. विचारायला तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

डबा सागाच्या फळीवर ठोकलेला होता. खिळे उपटून तो इंजिनाकडे चार बोटं घेतला, पाण्याच्या नळ्यांना तेवढी ढील होती. दुपारभर आम्ही दोघं इंजिनाच्या खोबणीत डोकं घालून होतो. पाना माझ्या हातून त्यांच्या हातात, त्यांच्या हातून माझ्या हातात. माझी मोठी जाऊ, भासऱ्यांची बायको, काठावर धुणं घेऊन आली आणि थबकली.

"आता पदराचीही गरज नाई राह्यली वाटते लोकायले," ती म्हणाली.

"पदरानंच तं तेल पुसून राह्यली, बाई," मी म्हटलं.

भासऱ्यांनी डोकं आणखी आत घातलं.

शुक्रवारी साहेब इंजिनाशेजारीच पेटीवर बसले. नावेत माणसं, पोती आणि दोन बकऱ्या. धार मध्यावर जोरात होती. मी वाकून नळ्यांखाली तळहात धरला. पुढची कोरडी, मागची ओली. थेंब क्लिपेजवळून येत होता.

नवरा सुकाणूवर, हाक मारली तरी इंजिनाच्या आवाजात ऐकू न येणारा. साहेब बघत होते, सगळी नाव बघत होती.

"भाऊजी, मागची क्लिप अर्धा फेरा," मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी पाना लावून अर्धा फेरा दिला. मी पुन्हा हात धरला. परत काठाला लागेपर्यंत काढला नाही. कोपरापर्यंत चटके बसले, पण तळहात कोरडा राहिला. साहेबांनी तळातल्या पाण्यात डोकावून पाहिलं आणि कागदावर सही केली.

संध्याकाळपर्यंत भासरे घाटावर सांगत सुटले होते की नळी टोरीच्या तेलात मुरवली म्हणून टिकली. रात्री जेवताना नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "भाऊ म्हनते, आता परवाना भेटला. आता पह्यल्यासारखंच वागा लागन."

मी हात धुऊन त्यांच्या अंगणात गेले. ते बिडी ओढत बसले होते, जाऊ दारात होती.

"भाऊजी, सोमवारी मागची क्लिप आखीन पाहा लागन," मी म्हटलं. "ते ढिली पडन."

त्यांनी जावेकडे पाहिलं. मग बिडी विझवून बाजूला ठेवली.

"हौ," ते म्हणाले. "उद्या सकाळीच पाहू."