दाराची कड

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, कोठ्यात गाडी लावतात ती जेवायला मांडी घालून बसल्यासारखी. मधोमध, ऐसपैस. उरलेल्या फटीत माझी गाडी. त्या फटीत गाडी बसते, पण मी बसत नाही. उतरताना आधी एक पाय बाहेर काढायचा, मग पोट आत ओढून कंबर, मग श्वास धरून बाकीची मी. शाळेतून दमून आल्यावर रोजची ही कसरत. बरं, एवढं करून दार चुकून त्यांच्या गाडीला टेकलं, की झालंच.

कोठा म्हणजे आमचा बैलांचा गोठा. नांदुऱ्यातलं हे घर जुन्या शेतकऱ्याचं. एका अंगणात दोन भावांच्या दोन चुली, आणि कोठा मात्र सामाईक. पूर्वी त्यात एक बैलजोडी, एक बंडी, म्हणजे बैलगाडी, आणि सरकीच्या ढेपेची पोती असायची. बैल गेले, बंडी मोडली, वर छपराला टिन आलं आणि खाली दोन गाड्या आल्या. डावीकडं भिंतीला लागून माझी पांढरी, उजवीकडं भासऱ्यांची नवी तांबडी. भिंतीला मध्येच एक सागाचा खांब आहे, त्यामुळं मला डावीकडं सरकायला वाव नाही. आरसा मिटून, खांबाला घासत मी गाडी आत घालते. भासऱ्यांच्या उजव्या बाजूला मात्र एक म्हैस सहज बांधता येईल एवढी जागा मोकळी असते. त्यांचं दार पूर्ण उघडलं पाहिजे ना. घरधनी उतरायचे आहेत.

त्यांना हे सांगावं तर सांगायची सोय नाही. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही आणि भासरे तिच्याशी बोलत नाहीत. मी माहेराहून, बीबी गावाहून, या घरात आले तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी हे कानात सांगितलं होतं. सासू गेली, माझे केस पांढरे व्हायला लागले, पण नियम टवटवीत आहे. ते अंगणात शिरताना खोकतात. तो खोकला ऐकला की मी पदर घेऊन बाजूला व्हायचं. मी चौथीच्या वर्गाला ताठ मानेनं बोला म्हणून शिकवते आणि घरी खोकल्यावर उठते. मला याचा संताप येतो. रोज येतो.

त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते जाऊबाईंना सांगतात. मी हातभरावर उभी असले तरी, "तिले म्हना," असं म्हणून सुरू करतात. जाऊबाई नसल्या तर टिनाकडं पाहून बोलतात. टिनाला आमच्या घरातलं सगळं ठाऊक आहे.

माझी शाळा जळगाव जामोदच्या बाजूच्या एका खेड्यात. आधी मी एष्टीनं जायची. फाट्यावर उतरायचं आणि पुढं कुणाची दुचाकी मिळते का म्हणून रस्त्याकडं डोळे लावून उभं राहायचं. त्या उभं राहण्याचा मला इतका वीट आला होता, की चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकले. भासऱ्यांनी तेव्हा टिनाला विचारलं होतं, "आता बाया गाड्या हाकतीन, आन् मानसं काय भाकरी थापतीन?" टिन काही बोललं नाही. गाडी आल्यापासून मी कुणाची वाट पाहिलेली नाही. हे सुख ज्यानं घेतलं नाही त्यानं माझ्या गाडीवर बोलू नये.

पण गाडीला कोठा हवा. आमची गल्ली अरुंद, आणि हंगामात कापसानं फुगलेले ट्रॅक्टर तिच्यातून भिंती पुसत जातात. एकदा बाहेर ठेवली तर एक आरसा गेला. नवऱ्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की कोठ्यात जागा आहे तोवर गाडी आहे. जागा गेली की विकून टाकू, तू आपली एष्टीनं जात जा. नवरा माझा सज्जन आहे. थोरल्या भावापुढं तो नुसताच सज्जन असतो.

म्हणून मी दारांना जपायला लागले. शेतातली ठिबकची जुनी नळी आणली, उभी चिरली आणि दारांच्या कडांवर बसवली. काळी नळी पांढऱ्या दाराला काजळ घातल्यासारखी दिसायची, पण घट्ट बसली. खांबाला ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब गुंडाळून खिळे मारले. मग माळ्यावरची एक जुनी गादी काढली, तिच्या दोन टोकांना दोऱ्या शिवल्या आणि ती वरच्या आडव्या लाकडी बल्लीला अडकवून दोन गाड्यांच्या मध्ये सोडली. आमच्या कापसाच्या मुलखात गादीला तोटा नाही. माझं दार उघडलं की गादीत रुतायचं. त्यांचंही रुतलं असतं.

जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "गाडीले गादी, आन् मी मेली सतरंजीवर."

भासरे आले, खोकले, मी बाजूला झाले. त्यांनी गादीकडं पाहिलं आणि टिनाला म्हणाले, "कोठ्यात कोनी बाळंतीन हाये का? पडदा काऊन लावला?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर गादी अंगणात धुळीत पडली होती आणि तिच्यावर शेजारची कोंबडी आरामात बसली होती. मी गादी झटकून पुन्हा बांधली. ती पुन्हा पडली. असं बरेच दिवस चाललं, आणि शेवटी दोऱ्याच तुटल्या. कुणी तोडल्या ते मी विचारलं नाही. विचारणार कुणाला?

त्यानंतर माझ्या दारावर खोचा पडायला लागल्या. उजव्या दाराच्या पोटात, एकाच उंचीवर. मी बोट फिरवून पाहायची आणि दातओठ खायची. एका खोचेत तांबडा रंग लागला होता. त्यांच्या गाडीचं डावं दार माझ्या उजव्या दारासमोर येतं, आणि डावीकडं बसतात जाऊबाई. त्या अंगानं भरलेल्या आहेत, त्यांच्या हातात कायम पिशव्या असतात आणि दार त्या गुडघ्यानं लोटतात. मी खिडकीतून पाहिलं होतं. पण थोरल्या जावेला काय म्हणणार? मी गप्प बसले, आणि त्याही गप्प बसल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला भासऱ्यांच्या बोलण्याइतकाच राग होता.

दसऱ्याला आमच्याकडं गाड्यांची पूजा होते. दोन्ही गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ ठेवले. चुलत घराण्यातली चार माणसं सोनं द्यायला आली होती, तीही कोठ्याशी उभी राहिली. भासरे हळदकुंकवाचं ताट घेऊन आपल्या गाडीभोवती फिरत होते. डाव्या दाराशी आले आणि थांबले. दाराच्या कडेवरचा रंग उडाला होता. तांबड्या कडेवर पांढरे ओरखडे, एकाखाली एक, अगदी ढळढळीत.

त्यांनी ताट बॉनेटवर ठेवलं. टिनाकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नव्या गाडीची कशी वाट लावून टाकली. ज्याईले गाडीतून उतरता येत नाई, त्याईनं एष्टीनं जावं. उद्यापासून कोठ्यात एकच गाडी राहीन."

त्या चौघांपैकी एक जण म्हणाला, "बरोबर हाये."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडं पाहत होता. जाऊबाईंकडं पाहिलं. त्या झेंडूची माळ सारखी करत होत्या, जी मुळात सारखीच होती. मला फाटा दिसला. तो रस्ता, ते उन्हात उभं राहणं, येणाऱ्या प्रत्येक दुचाकीकडं लाचारासारखं पाहणं. माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली, की पदर खांद्यावर आहे का डोक्यावर हे मी पाहिलं नाही.

मी म्हणाले, "भाऊजी, ती कड नीट पाहा."

भासऱ्यांची मान वळली आणि मग त्यांनाच कसंतरी झाल्यासारखी परत गेली. या घरात माझा आवाज त्यांच्याकडं तोंड करून कधी निघालाच नव्हता.

"ज्याचं दार आपटतं त्याची कड उडते," मी म्हणाले. "ज्याला लागतं त्याच्या पोटात खोच पडते. तुमची कड उडाली आहे. माझ्या दाराच्या पोटात खोचा आहेत, आणि त्यात तुमच्या गाडीचा रंग आहे. माझ्या कडेला तर नळी आहे. नळीनं रंग उडत नाही. आता सांगा, कोण कुणाला आपटलं?"

ज्यानं बरोबर हाये म्हटलं होतं तो वाकून आधी माझं दार बघू लागला आणि मग त्यांचं. वाकलेलाच राहिला. सरळ होऊन काहीतरी म्हणावं लागलं असतं.

भासऱ्यांनी कडेवरून बोट फिरवलं. मग बायकोकडं पाहिलं. मला वाटलं, आता जाऊबाई माझं नाव घेतील. काही नाही तर हिच्याच दारानं घासलं असेल म्हणतील. त्यांच्याकडून मी तेवढंच धरून चालले होते.

"म्याच आपटलं," जाऊबाई म्हणाल्या. "एक डाव नाई, रोज. तुमी गाडी अशी चिकटून लावता का मले उतराले जागाच नसते. गादी होती तवा दार तिच्यात जाये. ते गादी तुमीच तोडली."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कवा?"

भासऱ्यांनी कडेवरचं बोट काढून घेतलं. माणसं उभी होती, ताटातला कापूर विझला होता, आणि पूजा अर्धवट राहिली होती. ते घसा साफ करून बायकोला म्हणाले, "तिले म्हना, राहू दे गाडी. लाव म्हना तिथंच."

जाऊबाईंनी माळ सोडली. "मले नोका सांगू. ते काय समोरच उभी हाये. तुमचं तुमीच सांगा."

त्यांनी टिनाकडं पाहिलं. टिनाचा उपयोग नव्हता. नवऱ्याकडं पाहिलं, त्याची मान अजून खालीच होती. मग माझ्या गाडीच्या टायरकडं पाहत, तोंडातल्या तोंडात, पण मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "लाव."

एवढा एक शब्द ऐकायला माझं निम्मं आयुष्य गेलं होतं. मला वाटलं होतं, असं काही कधी झालंच तर मला भरून येईल. मला मुळीच भरून आलं नाही. भीक घातल्यासारखं ते 'लाव' मला आणखीच झोंबलं. कोठा सामाईक होता. जागा माझी होतीच.

मी पदर नीट डोक्यावर घेतला. भासऱ्यांकडं पाठ केली आणि जाऊबाईंना म्हणाले, "ताई, त्यांना म्हणा, आधी तुमची गाडी उजवीकडं सरकवा. आमची दारं उघडत नाहीत."

जाऊबाई नवऱ्याकडं वळल्या आणि त्यांनी ते शब्द न् शब्द त्यांना सांगितलं. वर आपल्या पदरचा एक शब्द घातला, "आत्ताच."